कापतं का काही?

मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहायला गेलेल्या निवृत्त माणसाचं काय होतं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. पहिला महिना झोपेचं गणित जुळवण्यात जातो. दुसरा फोटो काढण्यात. तिसऱ्या महिन्यात आपण डिशवॉशरमध्ये ताटं कोणत्या दिशेला लावावीत यावर सुनेला मार्गदर्शन करू लागतो आणि मग घरातली सगळी माणसं एकदिलाने आपल्यासाठी ‘एखादा छंद’ शोधायला लागतात. त्या एकदिलाचा अर्थ न कळण्याइतका मी भोळा नाही. बँकेत चौतीस वर्षं काढली आहेत.

माझा छंद सापडला तो मुलाच्या घरापासून साडेआठशे किलोमीटरवर. मुलगा मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या बाजूला राहतो. उत्तरेला सुपीरियर सरोवरात घुसलेली किविनॉ नावाची एक जिभेसारखी जमीन आहे, तिथे तो आम्हाला सहलीला घेऊन गेला. बायकोने दशम्या बांधून घेतल्या होत्या. त्या मॅकिनॉ पुलावरच संपल्या. तो पूल आठ किलोमीटर लांबीचा आहे, एवढी जबाबदारी दशम्यांनी उचलली हेच पुष्कळ.

किविनॉची ख्याती तांब्यासाठी. पण तांबं म्हणजे खनिज दळून, भट्टीत वितळवून काढायचं, तसलं नव्हे. इथे चक्क शुद्ध धातू जमिनीत पडलेला असतो. अब्जाहून जास्त वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या काळ्या खडकात तांब्याच्या चिरा आणि गोळे, आणि हिमनद्यांनी त्यातले गोळे ओढत नेऊन दूरदूर टाकलेले. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच काळा पाषाण, पण आपल्याला फोडल्यावर मिळतात त्या गारगोट्या. ओंटोनागॉन नदीच्या काठचा एक गोळा तर पावणेदोन टनांच्या आसपास वजनाचा. एका व्यापाऱ्याने तो विकत घेतला, जंगलातून ओढून १८४३ साली डेट्रॉइटला आणला, तिकीट लावून लोकांना दाखवला आणि मग सरकारने येऊन तो जप्त केला. आता तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये असतो. सरकार सगळीकडे सारखंच, हे ऐकून मला परदेशात प्रथमच घरच्यासारखं वाटलं.

तिथल्या एका संग्रहालयात काचेमागे हिरवट पडलेली एक सुरी ठेवली होती. वीतभर पातं, मागे उंदराच्या शेपटीसारखं निमुळतं टोक. ही शेपटी लाकडाच्या नाहीतर हाडाच्या मुठीत रोवायची. या सरोवराकाठची माणसं साडेनऊ हजार वर्षांपूर्वीपासून असली अवजारं घडवत होती, तीही धातू न वितळवता, ठोकून. तांबं वितळायला १०८५ अंश लागतात, तेवढी भट्टी त्यांच्याकडे नव्हती आणि त्यांचं काही अडतही नव्हतं.

मी भारावून हे सगळं बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती काचेला नाक लावून दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, “कापतं का काही?”

हा प्रश्न पुढचे तीन महिने माझ्या मागे लागणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

बाहेरच्या दुकानात असे तांब्याचे गोळे विकायला होते. मी साधारण पावशेर वजनाचा एक घेतला. दिसायला आल्याचा गड्डा, वजनाला मात्र इमान राखून. परतीच्या वाटेवर तो मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मनात ठरून गेलं होतं की आपण याची सुरी करायची. शिंगाच्या मुठीची. का, ते विचारू नका. छंदाला कारण असतं तर त्याला नोकरी म्हटलं असतं.

खरं तर माझ्याइतका लायक माणूस शोधून सापडला नसता. मी पुण्याचा, कसब्यातला. तांबट आळी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पहाटेपासून तिथे हातोड्यांचा जो ठणठणाट चालायचा त्याच्या तालावर मी पाढे पाठ केले. बे एके बे, ठण्. बे दुणे चार, ठण्. एकोणतिसाचा पाढा मला आजही हातोडा नसेल तर येत नाही. मधूनच ठोके थांबायचे, दहा-पंधरा मिनिटं सगळं शांत. म्हणजे तांबटांचा चहा आला, असं आमच्या आईचं मत होतं आणि ती त्या शांततेवर आमच्याही चहाचं आधण ठेवायची. एवढं तांबं कानात गेलेल्या माणसाने त्याला हात कधी लावला होता? तर सोमवारी, बंबात बोट घालून पाणी तापलं का बघताना.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहत होते. मोटारीच्या कारखान्यात आयुष्य गेलेलं, पांढरी दाढी छातीपर्यंत. मी त्यांना मनातल्या मनात दाढीबुवा म्हणायचो, ते मला उघडउघड ‘बँकर’ म्हणायचे. त्यांच्या गॅरेजमध्ये मोटार सोडून सर्व काही होतं. ऐरण म्हणून त्यांनी रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा काढून दिला, गोल तोंडाचा एक हातोडा दिला आणि स्वतः खुर्ची टाकून बघायला बसले. त्यांचा लॅब्रॅडॉरही शेजारी बसला. अशा प्रकारे प्रेक्षकवर्ग तयार झाला.

पहिला तासभर मी स्वर्गात होतो. तांबं हातोड्याखाली पसरतं ते बघण्यासारखं असतं. लोखंडासारखं अंगावर येत नाही, कणकेसारखं ऐकतं. गड्ड्याच्या गाठी बसल्या, जीभ बाहेर यावी तसं पातं लांबायला लागलं. मग हळूहळू त्याचा स्वभाव बदलला. आधी हातोडा बसला की ‘थप्’ असा बोदा आवाज यायचा, तो आता ‘ठण्’ व्हायला लागला. हातोडा उलट उडायला लागला. मला वाटलं, वा, हात बसला. मी जोर वाढवला. चार ठोक्यांत पात्याच्या कडेला टिचकीएवढी भेग पडली.

दाढीबुवा खुर्चीतून म्हणाले, ते दमलंय.

तांबं ठोकलं की कडक होत जातं आणि फार कडक झालं की फुटतं. अशा वेळी त्याला तापवून पुन्हा नरम करायचं. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा दोन गोष्टींचा उलगडा झाला. एक, आपल्या घंगाळावर, हंड्यावर ते जे गोल गोल ठोक्यांचे डाग असतात, ज्याला तांबट मठार म्हणतात, ते मी साठ वर्षं नक्षी समजत होतो. ती नक्षी दिसते खरी, पण त्या ठोक्यांनीच पत्रा कडक होतो आणि हंडा पाण्याच्या भाराने पोचत नाही. आणि दुसरं, आळीतले हातोडे मधूनच थांबायचे ते चहासाठी नव्हे. भांडं विस्तवात जायचं. आमच्या आईने वर्षानुवर्षं भट्टीच्या वेळेवर चहा केला होता!

ही बातमी मी त्याच संध्याकाळी पुण्याला फोन करून बहिणीला सांगितली. ती म्हणाली, “दादा, तू बरा आहेस ना?”

तापवण्याचा प्रकार आणखी गमतीचा. गॅरेजचा दिवा मालवायचा, कारण उजेडात रंग कळत नाही. गॅसची ज्योत पात्यावर फिरवायची. आधी त्यावर इंद्रधनुष्य पळतं, मग सगळं काळं पडतं, मग त्या काळ्यातून जास्वंदीच्या सुकलेल्या फुलासारखा मंद लाल रंग वर येतो. तिथेच थांबायचं आणि बादलीतल्या पाण्यात बुडवायचं. मी घाबरलो. सिनेमात पाहिलेलं सगळं ज्ञान सांगत होतं की तापलेलं पातं पाण्यात घातलं की कडक होतं. ते पोलादाचं. तांबं एकदा लाल तापलं की मऊच होतं, मग पाण्यात घाला नाहीतर वाऱ्यावर ठेवा. चर्र आवाज झाला, काळे पापुद्रे बादलीच्या तळाला गेले आणि बाहेर आलं ते गुलाबी, ओशाळलेलं आणि इतकं नरम की बोटांनी वाकलं. मी त्याला काय म्हणालो ते लिहीत नाही, पण सुनेच्या माहेरच्यांसमोर मी त्या स्वरात कधी बोललेलो नाही.

ठोका, थांबा, तापवा, बुडवा. असं सात-आठ वेळा. शेवटच्या फेरीत मात्र तापवायचं नाही. धारेची कड थंडच ठोकत न्यायची म्हणजे ती कडक राहते. मग कानस. कानशीने तांबं घासलं की तिच्या दातांत ते च्युइंगमसारखं अडकून बसतं. त्यावर दाढीबुवांचा उपाय म्हणजे कानशीला खडू फासायचा. नातवाचे खडू संपले. बोटांना जो वास लागला तो देवघरातल्या पळी-पंचपात्राचा, त्यामुळे दोन दिवस मी जेवायला बसलो की बायकोला उगाच आचमनाची आठवण व्हायची.

पातं झालं. उरली मूठ.

इथे भाषेचा घोटाळा झाला. आपण गाईच्या डोक्यावर असतं तेही शिंग म्हणतो आणि सांबराच्या डोक्यावर असतं तेही शिंगच. प्रत्यक्षात दोन्हीत फार फरक. गाईचं शिंग हे वरून नखासारखं आणि जन्मभराचं. हरणाचं शिंग म्हणजे अस्सल हाड, दरवर्षी गळून पडतं आणि पुन्हा उगवतं. लहानपणी आजीच्या औषधाच्या डब्यात सांबरशिंगाचा तुकडा असायचा. बरगडीत लचक भरली की ती सहाणेवर उगाळून लेप लावायची. आता तो तुकडा घरात ठेवणंसुद्धा अंगाशी येईल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे सांबर-चितळाच्या शिंगांची खरेदी-विक्री बंद आहे, रानात गळून पडलेलं उचलून आणलं तरी. आणि ते योग्यच आहे. एकदा बाजार भरला की गळून पडायची वाट कोण बघतं?

मिशिगनमध्ये तशी अडचण नव्हती. दाढीबुवांच्या भिंतीवर शिंगांच्या चार जोड्या होत्या, पण त्या शिकारीच्या. बायकोने आधीच अट घातली होती : मारलेल्या जनावराचं घरात येणार नाही. तेव्हा दाढीबुवांनी सांगितलं की कुत्र्यांच्या दुकानात जा.

मला वाटलं थट्टा करतायत. पण खरंच, पाळीव प्राण्यांच्या दुकानात एका अख्ख्या मांडणीवर एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या शिंगाचे तुकडे ठेवले होते. कुत्र्यांनी चघळायला! लहान, मध्यम, मोठ्या कुत्र्यासाठी अशा तीन मापांत, वर लिहिलेलं, नैसर्गिकरीत्या गळलेली. मी तुकडे मुठीत धरून धरून बघत होतो तेव्हा दुकानातल्या मुलीने आपुलकीने विचारलं, किती वयाचा आहे? मी म्हणालो, सदुसष्ट. तिने मला ‘मध्यम’ दिला.

शिंग कोरायचं तर ते आधी पाण्यात भिजवून ठेवलं की थोडं नरमतं, उकळलं की लवकर नरमतं. हे कळल्यावर जे भांडं हाताशी सापडलं त्यात मी ते उकळत ठेवलं. ते भांडं साबुदाण्याच्या खिचडीचे बटाटे उकडायचा कुकर होता, आणि दिवस संकष्टीचा.

“अहो, हे काय आहे?”

“शिंग. गळून पडलेलं. त्यासाठी कोणी मेलेलं नाही.”

“म्हणजे केसांसारखं?”

इथे ‘हो’ म्हणायला हवं होतं. पण मी नुकतंच सगळं वाचलेलं. “छे, केसांसारखं ते गाईचं. हे हाड असतं.”

पुढची पाच मिनिटं सोडून देतो. कुकर गॅरेजला कायमचा बहाल झाला. सुनेने नवा आणला आणि त्यावर मार्करने ‘बाबांसाठी नाही’ असं लिहिलं.

कोरताना ड्रिलचा वास आला आणि माझी मान आपोआप मागे जाऊन तोंड उघडलं. दाताच्या डॉक्टरकडे दाढ कोरताना येतो, तंतोतंत तोच वास. हाड ते हाडच. वरून शिंग कठीण, आत स्पंजसारखं भुसभुशीत. त्या भुसभुशीत गाभ्यातच पात्याची शेपटी बसवायची असते, निसर्गाने जणू त्यासाठीच सोय केलेली. भुकटी नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला फडकं बांधलं होतं. हाडाची ती धूळ छातीला वाईट. चिकटवायला पाइनच्या झाडाचा डिंक आणि कोळशाची पूड एकत्र वितळवली. आपल्याकडे अवजारांच्या मुठीत लाख भरतात त्यातलाच प्रकार. पातं रोवलं, सरळ धरून मनात एकोणतिसाचा पाढा म्हटला, डिंक थिजला. सुरी झाली.

ती मी टेबलावर ठेवून मुलाला बोलवायला आत गेलो. परत आलो तर टेबलावर काही नाही. अंगणात लॅब्रॅडॉर सुरी आडवी तोंडात धरून, मूठ दाढांखाली घेऊन डोळे मिटून बसला होता. त्याची तरी काय चूक? त्याच्या दृष्टीने मी महिनाभर त्याचाच खाऊ तासत होतो, आणि आता तो तयार झाला होता. मूठ सुटली, पण तिच्यावर चार दातांचे खड्डे राहिले. धरताना बोटं बरोबर त्यांत बसतात. माझ्या सगळ्या कारागिरीत पकडीचा विचार केलेला तेवढाच भाग.

संध्याकाळी प्रात्यक्षिक. मुलगा, सून, नातू, दाढीबुवा आणि तो कुत्रा. बायकोने टोमॅटो काढून ठेवला. मी सुरी चालवली. टोमॅटो आधी थोडा वाकला, मग विचारात पडला, मग बसला. कापला गेला नाही. नातू म्हणाला, “आजोबा, इट्स मोअर लाइक अ स्पून.”

बायको काही बोलली नाही. तिला बोलायची गरजच नव्हती.

रात्री मी बचावाची कागदपत्रं गोळा करायला बसलो. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेला तो प्रसिद्ध माणूस, ओट्झी, पाच हजार तीनशे वर्षांपूर्वीचा. त्याच्याकडे जवळजवळ शुद्ध तांब्याची कुऱ्हाड होती, इथपर्यंत उत्तम. सुरी मात्र? गारेची, दगडाची. बरं, आपल्या घोड नदीकाठच्या चांडोलीला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तीन हजार वर्षांहून जुना तांब्याचा खंजीर मिळालाय, मुठीला चक्क शिंगांसारखे दोन फाटे. त्यावर छाती फुगवतोय तोवर केंट स्टेट विद्यापीठाचा अभ्यास हाती लागला. त्या संशोधकांनी किविनॉसारख्या तांब्याच्या सुऱ्या, टोकं आणि टोचे पुन्हा घडवून दगडाच्या आणि हाडाच्या अवजारांशी त्यांची तुलना केली. टोच्याचा अपवाद सोडला तर तांब्याचा फारसा फायदा दिसला नाही. आणि खुद्द तिथल्या माणसांनी काय केलं? हजारो वर्षं तांब्याची अवजारं वापरून झाल्यावर ते परत दगडाकडे, हाडाकडे वळले आणि तांब्याचे मणी नि दागिने करू लागले.

मला दिसतंय ते. सरोवराच्या काठी एक माणूस नुकतीच घडवलेली सुरी घेऊन घरी येतोय, शेकोटीपाशी बायको मासा घेऊन बसलीय, आणि ती मान वर न करता त्यांच्या भाषेत तीन शब्द विचारतेय.

तरीही सुरीला काम मिळालं, आणि ते बायकोनेच दिलं. अट अशी की आंबट काही कापायचं नाही. “तांब्याच्या भांड्यात ताक कळकतं, आणि तुम्ही त्यावर लिंबू कापणार?” कल्हई न केलेल्या तांब्याबद्दल तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिचं आजोळ नाशिकच्या भांडेबाजारात. नारळीपौर्णिमेला तिने नारळाच्या वड्या थापल्या. सुनेचं थाळं नॉनस्टिक, त्यावर स्टीलची सुरी चालवली की ओरखडे पडतात म्हणून सून प्लास्टिकचा उलथना शोधत होती. बायकोने मुकाट्याने माझी सुरी उचलली, तूप लावलं आणि सर्रकन तिरक्या रेषा मारल्या. शंकरपाळ्यासारख्या नेमक्या वड्या, कडा स्वच्छ, थाळ्याला ओरखडा नाही. मी दारात उभा होतो.

“कापतं,” मी म्हणालो.

“वड्या पडतात,” ती म्हणाली. “कापणं वेगळं.”

ऑक्टोबरात परत निघालो. सुरी बॅगेत घातली आणि बाहेर काढली. तिकडच्या विमानतळावर काही नसतं म्हणाले, पण मुंबईला कस्टमच्या माणसापुढे शिंगाची मूठ ठेवून ‘हे कुत्र्याचं आहे’ हे मराठीत कसं समजावणार? सुरी मुलाकडे राहिली. सून त्या सुरीने कुरिअरची खोकी उघडते. दिवसाला चार खोकी येतात, तेव्हा अश्मयुगानंतर एवढं काम कुठल्याच तांब्याच्या सुरीला लागलं नसेल. कुत्रा अधूनमधून येऊन खात्री करून जातो.

पुण्याला आल्यावर दोन दिवसांत मी तांबट आळीत गेलो. आता थोडीच घरं उरली आहेत, पण एका दारातून ठोके येत होते. आत एक गृहस्थ मांडीपुढे कळशी घेऊन मठार मारत बसले होते. एका रांगेत, बोटभर अंतराने, न बघता. मी उंबऱ्याशी उभा राहिलो. बायको माझ्या मागे, तिला निरांजनाची चौकशी करायची होती. ऐकता ऐकता आवाज बदलला. ‘थप्’चा ‘ठण्’ झाला, आणखी चढला.

मी मागे वळून कुजबुजलो, “आता बघ. दमलंय ते. आता हातोडा थांबेल आणि भांडं विस्तवात जाईल.”

हातोडा थांबला. गृहस्थांनी कळशी बाजूला सारली, हात पंच्याला पुसले आणि आत बघून हाक मारली, “चहा झाला का गं?”